समुद्रपातळीचें उपग्रहद्वारा मापन : एका साक्षीदाराची परीक्षा

१. विषयाचें प्रयोजन

जुन्या कागदपत्रांचा संग्रह व परीक्षण हें ज्या त्रैमासिकाचें कार्य, त्यांत आकाशांतून फिरणाऱ्या उपग्रहांचा विषय काढणें कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु समुद्राची पातळी वाढत आहे कीं नाहीं, व वाढत असल्यास किती वेगानें, हा प्रश्न अखेर साधनांच्या विश्वसनीयतेचाच प्रश्न आहे. त्यांत एक नवा साक्षीदार आहे. तो दुरून पाहतो, परंतु सर्वत्र पाहतो. आणि कांहीं जुने साक्षीदार आहेत. ते एकाच जागीं उभे राहून शंभर-दीडशें वर्षें पाहत आले आहेत. या दोहोंच्या जबान्या एकमेकींशीं ताडून पाहतां नव्या साक्षीदाराच्या पहिल्या सहा वर्षांच्या जबानींत दोष आढळला, व तो दूर होतांच सबंध वृत्तान्ताचा अर्थ पालटला. हा प्रकार कसा घडला हें क्रमवार सांगावें, व त्यापासून संग्राहकांनीं काय घ्यावें हें सुचवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. नवें साधन व त्याची रीत

उपग्रहावरून समुद्रपातळी मोजण्याची कल्पना तत्त्वतः सोपी आहे. उपग्रहांतून रडारचा स्पंद खालीं सोडावयाचा. तो पाण्यावर आपटून परत येण्यास किती वेळ लागला तें मोजावयाचें. आणि त्यावरून उपग्रह व पाणी यांमधील अंतर काढावयाचें. उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून किती उंचीवर आहे हें स्वतंत्र रीतीनें ठरवून त्या उंचींतून हें अंतर वजा केलें म्हणजे पाण्याची उंची उरते. अमेरिकेच्या स्कायलॅबवर १९७३ सालीं या यंत्राचा प्रयोग झाला. पुढें १९७५ सालीं जिओस-३ व १९७८ सालीं सीसॅट हे उपग्रह गेले. सीसॅट अवघा साडेतीन महिने चालला. अखंड व भरंवशाची नोंद सुरू होते ती १० ऑगस्ट १९९२ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन या अमेरिका व फ्रान्स यांच्या संयुक्त उपग्रहापासून. तो १३३६ कि.मी. उंचीवरून, विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस ६६ अंशांपर्यंतचा समुद्र पाहत, दर सुमारें १० दिवसांनीं त्याच मार्गावरून पुन्हां जात असे. त्याच मार्गावर जेसन-१ (२००१), जेसन-२ (२००८), जेसन-३ (२०१६) व सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिख (२०२०) हे क्रमानें पाठविण्यांत आले. २५ फेब्रुवारी २०१३ रोजीं श्रीहरिकोटा येथून सोडलेला भारत व फ्रान्स यांचा ‘सरल’ हा उपग्रहहि याच कामाचा. त्याचा मार्ग मात्र निराळा होता.

सोपेपणा येथेंच संपतो. एका सेंटिमीटराची चूक टाळावयाची तर स्पंदाच्या जाण्यायेण्याचा काळ, सेकंदाचे दहा हजार कोटी भाग केल्यास त्यांतील सुमारें ७ भागांपर्यंत अचूक मोजला गेला पाहिजे. शिवाय स्पंदाची वाट निर्वात नसते. कोरड्या हवेमुळें त्यास होणारा विलंब अंतराच्या भाषेंत सुमारें २.३ मीटर भरतो. हवेंतील बाष्पामुळें, विशेषतः उष्ण प्रदेशांत, त्यांत आणखी ३०-४० सें.मी.पर्यंत भर पडते. वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरामुळें होणारा विलंब दिवसरात्रींनुसार व सूर्यावरील घडामोडींनुसार बदलतो. लाटांची गोष्ट निराळीच. लाटेचा खोलगट भाग तिच्या माथ्यापेक्षां स्पंद अधिक परतवितो. त्यामुळें समुद्र खवळलेला असतां पाणी वस्तुतः आहे त्याहून खालीं भासतें. या प्रत्येकाची वजावट स्वतंत्रपणें करावी लागते. टोपेक्सवर दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांचे स्पंद सोडून विद्युद्भारित थराचा परिणाम काढीत. बाष्पासाठीं निराळा मापक असे. आणि उपग्रहाचें स्थान जमिनीवरील लेसर ठाण्यांवरून, फ्रेंचांच्या डोरिस नांवाच्या रेडिओ-व्यवस्थेवरून व जीपीएसवरून ठरविण्यांत येई. योजना आंखतांना एका मापनांत सुमारें १३ सें.मी.ची चूक क्षम्य धरली होती. प्रत्यक्षांत ती ४-५ सें.मी.वर आली. हें त्या कारागिरीचें यशच म्हटलें पाहिजे.

येथें वाचक सहजच विचारील कीं, ज्याची एक नोंद ४-५ सें.मी.नें चुकूं शकते, त्याच्या सांगण्यावरून वर्षाला ३ मि.मी.ची वाढ कशी मानावी? उत्तर असें कीं, १० दिवसांच्या एका फेरींत सेकंदासेकंदाच्या अशा सुमारें पांच लाख नोंदी होतात, व त्यांतील इकडच्या तिकडच्या चुका सरासरींत एकमेकींस मारून टाकतात. परंतु सरासरीचें औषध एकाच रोगावर चालतें. शंभर लेखकांनीं एका पोथीच्या शंभर नकला केल्या व प्रत्येकाचे हस्तदोष निराळे असले, तर त्या ताडून मूळ पाठ काढतां येतो. पण सर्व नकला एकाच सदोष प्रतीवरून उतरल्या असल्या, तर त्या हजार जमविल्या तरी तो दोष जात नाहीं. त्याचप्रमाणें उपग्रहाचें यंत्र हळूहळू एकाच बाजूस सरकूं लागलें, तर त्याच्या पांच लाख नोंदी एकमुखानें तीच चूक सांगतात. उपग्रहमापनांतील खरी अडचण ही आहे. तिच्या निवारणासाठीं बाहेरचा साक्षीदार लागतो.

३. जुने साक्षीदार

किनाऱ्यावर खुणेची पट्टी रोवून भरती-ओहोटीची नोंद ठेवण्याची चाल जुनी आहे. ॲम्स्टरडॅम येथील नोंदी १७०० पासूनच्या, व स्टॉकहोम येथील १७७४ पासूनच्या आहेत. हिंदुस्थानांत सर्व्हे खात्याचे कॅप्टन बेअर्ड यांनीं १८७४-७५ च्या सुमारास कच्छच्या आखातांत जीं निरीक्षणें केलीं, त्यांचा हेतूच मुळीं जमीन व समुद्र यांच्या परस्पर पातळींत कालांतरानें फरक पडतो कीं काय हें पाहण्याचा होता. पुढें निरनिराळ्या बंदरांत स्वयंलेखी भरतीमापक बसले. मुंबईच्या अपोलो बंदरावरील, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या पालव्यावरील, १८७८ पासूनच्या सरासऱ्या आज उपलब्ध असून हिंदी महासागरांतील अत्यंत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. जगभरच्या अशा नोंदी एकत्र करण्यासाठीं १९३३ सालीं स्थापन झालेलें कायम दफ्तर लिव्हरपूल येथें आजहि चालू आहे.

भरतीमापकाचा दोष उघड आहे. तो ज्या धक्क्यावर उभा असतो तो धक्काच वर-खालीं होत असतो. स्टॉकहोमची भूमि हिमयुगांतील बर्फाचें ओझें उतरल्यापासून अद्याप वर येत आहे, म्हणून तेथील वह्यांत समुद्र खालीं जातांना दिसतो. उलट हुगळीवरील डायमंड हार्बर येथें जमीन खचते, म्हणून तेथें समुद्र वर्षाला ५ मि.मी.हून अधिक चढलेला दिसतो. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे उन्नीकृष्णन व शंकर यांनीं २००७ सालीं मुंबई, कोची, विशाखापट्टणम इत्यादि ठिकाणच्या दीर्घ नोंदी तपासल्या व भूमीच्या अशा संथ हालचालीचा हिशेब धरून उत्तर हिंदी महासागरांतील वाढ वर्षाला सरासरी १.२९ मि.मी. ठरविली. उपग्रहांच्या १९९३ ते २०१२ च्या नोंदींवरून याच समुद्रासाठीं निघालेला आंकडा ३.२ मि.मी. आहे. या दोन आंकड्यांमधील फरक काळाचा आहे कीं साधनाचा? पूर्वीपेक्षां समुद्र खरोखरच झपाट्यानें चढूं लागला आहे, कीं नवा साक्षीदार वाढवून सांगतो? सर्व वादाचें मर्म या प्रश्नांत आहे.

त्याकडे वळण्यापूर्वीं, एका जुन्या नोंदीची किंमत किती असूं शकते याचें एक उदाहरण देतों. टास्मानियांतील पोर्ट आर्थर या कैद्यांच्या वसाहतींत कोठीवर असलेला टॉमस लेंप्रिएर हा अधिकारी भरतीच्या नोंदी ठेवीत असे. दक्षिण ध्रुवाकडील प्रवासी कॅप्टन जेम्स क्लार्क रॉस तेथें आला असतां, १८४१ सालीं, जवळच्या ‘मृतांच्या बेटा’वर खडकांत एक खूण खोदण्यांत आली. ही खूण समुद्राच्या मध्यम पातळीची आहे असें रॉसनें पुढें आपल्या प्रवासवृत्तांत लिहिलें. परंतु खुणेजवळ बसविलेल्या शिलेवर खोदण्याची तारीख १ जुलै १८४१, खोदण्याची वेळ, व त्या वेळीं मापकावर दिसलेली ६ फूट १ इंच ही उंची दिलेली होती. शिला हरवली, पण तिच्यावरील मजकुराची नक्कल उरली. त्या मजकुरावरून पाहतां खूण मध्यम पातळीची नसून एका विवक्षित क्षणाच्या पाण्याची ठरते. छापील ग्रंथ एक सांगतो व शिलालेख दुसरें, हा प्रसंग आपल्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. लेंप्रिएरचीं मूळ टिपणें हरवलीं असेंच पुष्कळ काळ मानीत. १९९० नंतरच्या दशकांत तीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या दफ्तरांत सांपडलीं, तेव्हां खुणेचा अर्थ निश्चित करतां आला. १८४१ पासून तेथील समुद्र जमिनीच्या मानानें सुमारें १३ सें.मी. वर आला आहे, असा त्यावरून काढलेला निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. कोठीवरच्या एका अधिकाऱ्याची वही दीडशें वर्षांनीं अशी कामास आली. ज्या टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांचा या कामांत मोठा वाटा होता, त्याच विद्यापीठाचें नांव पुढें उपग्रहाच्या परीक्षेंतहि येणार आहे.

४. जबानींतील विसंगति

उपग्रहाची परीक्षा प्रारंभापासून दोन रीतींनीं होत आली. पहिली रीत म्हणजे त्याच्या मार्गाखालीं नेमून दिलेलीं परीक्षास्थानें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारें १० कि.मी.वर उभा असलेला हार्वेस्ट नांवाचा तेलाचा मंच, भूमध्य समुद्रांतील कॉर्सिका बेट, व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांमधील बास सामुद्रधुनी हीं त्यांतील प्रमुख. दुसरी रीत म्हणजे जगभरच्या, विशेषतः महासागरांतील बेटांवरच्या, भरतीमापकांशीं तुलना. उपग्रह अशा मापकाजवळून जातो तेव्हां दोघांनीं सांगितलेल्या उंचींतील फरक मांडावयाचा. हवामानानें व ऋतुमानानें होणारे चढउतार दोघांनाहि सारखेच दिसत असल्यामुळें ते वजा होऊन जातात. उरतो तो एक तर उपग्रहाचा दोष, नाहीं तर जमिनीची हालचाल. पुष्कळ मापकांची सरासरी घेतली व जमिनीची हालचाल निराळी काढली, म्हणजे उपग्रहाचा दोष एकटा हातीं लागतो. ही पद्धति गॅरी मिचम यांनीं १९९८ च्या आपल्या निबंधांत व्यवस्थित मांडली.

टोपेक्स-पोसायडन या एकाच उपग्रहावर दोन उंचीमापक आळीपाळीनें चालत: अमेरिकेचा टोपेक्स व फ्रान्सचा पोसायडन. हार्वेस्टच्या मंचावर टोपेक्सचें मापन १० सें.मी.हून अधिक चुकत असल्याचें दिसून आलें. पोसायडनचें तसें नव्हतें. १९९६ सालीं याचें कारण सांपडलें. टोपेक्सचें कालमापन ज्या आंदोलकावर अवलंबून असे त्याची गति काळानुसार किंचित् बदले, व त्या बदलाची वजावट करण्यासाठीं लिहिलेल्या गणनक्रमांतच चूक होती. यंत्र खरें बोलत होतें. त्याची जबानी उतरून घेणाऱ्यानें आंकडा चुकीचा मांडला होता. चूक दुरुस्त होतांच तो फरक बहुतांशीं नाहींसा झाला, आणि त्याबरोबरच समुद्र वर्षाला जितका चढतो म्हणून सांगण्यांत येत होतें, त्यांतील कित्येक मिलिमीटरहि गळून पडले.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. टोपेक्स मापकाचीं ‘अ’ व ‘ब’ अशीं दोन यंत्रें होतीं. ‘अ’ यंत्र जसजसें जुनें होत गेलें तसतसा त्याच्या स्पंदाचा आकार बिघडत गेला. तेव्हां फेब्रुवारी १९९९ मध्यें तें बंद करून ‘ब’ सुरू केलें. पुढील उपग्रहांच्या वेळीं नवा व जुना उपग्रह एकामागोमाग, सुमारें एका मिनिटाच्या अंतरानें, कांहीं महिने त्याच मार्गावर चालवून दोघांचे आंकडे जुळवून घेण्यांत आले. म्हणून तेथील सांधे पक्के आहेत. ‘अ’ व ‘ब’ एकाच वेळीं चालवितां येत नसल्यामुळें हा एक सांधा मात्र तसा जुळवितां आला नाहीं.

या सुमाराच्या सर्व आंकड्यांवरून एक चमत्कारिक चित्र उभें राहिलें. १९९३ नंतरच्या पहिल्या दशकांत समुद्र अधिक वेगानें चढलेला, व दुसऱ्या दशकांत कांहीं मंदावलेला दिसे. परंतु २००२ पासून ग्रेस नांवाच्या उपग्रहयुगुलानें केलेल्या गुरुत्वमापनांत ग्रीनलंड व दक्षिण ध्रुवखंड यांवरील बर्फ वाढत्या प्रमाणावर घटत असल्याचें दिसत होतें. बर्फ अधिक वितळावें व समुद्र मंद चढावा, ही विसंगति उघड होती. दोहोंपैकीं एका साक्षीदाराची फेरतपासणी प्राप्त झाली.

५. दुरुस्तीची दुरुस्ती

ही तपासणी टास्मानिया विद्यापीठाचे ख्रिस्तोफर वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं केली, आणि २०१५ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनीं भरतीमापकांशीं तुलना करतांना मापकाखालच्या जमिनीची हालचाल जीपीएसच्या आधारें धरली. परिणाम असा निघाला कीं, ‘अ’ यंत्राच्या सहा वर्षांत उपग्रह वाढीचा वेग वर्षाला सुमारें ०.९ ते १.५ मि.मी.नें अधिक सांगत होता. हा दोष काढून टाकल्यावर १९९३ पासूनची एकंदर सरासरी वर्षाला ३.२ मि.मी. होती ती २.६ ते २.९ मि.मी. झाली.

हा दोष कोठून आला याचा शोध नासाच्या गॉडर्ड केंद्रांतील बेकली व त्यांचे सहकारी यांनीं घेऊन २०१७ सालीं प्रसिद्ध केला. टोपेक्स स्वतःच्या आंत एक परीक्षास्पंद सोडून आपलें माप तपासून घेत असे, व त्या तपासणीवरून मूळ आंकड्यांत एक दुरुस्ती करीत. ही दुरुस्तीच अनिष्ट होती. ती गाळून टाकतांच उपग्रह व भरतीमापक यांचा मेळ पुष्कळ चांगला बसला. ज्यांनीं पोथ्यांचे पाठ शोधले आहेत त्यांस हा अनुभव नवा नाहीं. लेखकाच्या हस्तदोषापेक्षां शहाण्या शोधकानें समासांत केलेली दुरुस्ती कधीं कधीं अधिक घातक ठरते, कारण ती दोषासारखी दिसत नाहीं. येथें एवढें बरें झालें कीं, मूळ नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. दुरुस्त आंकडे ठेवून मूळ आंकडे टाकून दिले असते, तर ही परीक्षा पुरी होऊं शकली नसती.

आतां या सर्वांचें फळ पहा. पहिल्या सहा वर्षांतील वाढ कमी ठरतांच एकंदर सरासरी उतरली. एवढ्यावरून कोणास वाटेल कीं भयाचें कारण कमी झालें. वस्तुस्थिति उलट आहे. आरंभींचा वेग कमी ठरल्यामुळें नंतरचा वेग त्याच्या मानानें अधिक ठरला, आणि मंदावण्याचा जो भास होता तो नाहींसा होऊन वेगवृद्धि स्पष्ट झाली. अमेरिकेचे स्टीव्ह नेरेम व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही वेगवृद्धि दर वर्षीं ०.०८४ मि.मी. इतकी ठरविली. म्हणजे वर्षाला ३ मि.मी. हा वेग स्थिर नसून दहा वर्षांत त्यांत आणखी सुमारें ०.८ मि.मी.ची भर पडते. हीच वेगवृद्धि पुढें चालली तर २००५ च्या मानानें २१०० पर्यंत समुद्र सुमारें ६५ सें.मी. चढेल, असा त्यांचा हिशेब आहे. वेग स्थिर धरला तर याच्या निम्म्याहूनहि कमी भरतो. आरंभींच्या सहा वर्षांतील मिलिमीटरभर चुकीवर एवढें अवलंबून होतें.

६. निष्कर्ष

वर आम्हीं जो प्रश्न केला होता त्याचें उत्तर आतां देतां येतें. १.२९ व ३.२ या आंकड्यांमधील फरकांत साधनाचा वाटा थोडा व काळाचा मोठा आहे. जगाच्या सरासरीचा विचार केला तरी हेंच दिसतें. आंतरराष्ट्रीय हवामान मंडळानें २०२१ सालीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें १९०१ ते १९७१ पर्यंत वाढ वर्षाला १.३ मि.मी., १९७१ ते २००६ पर्यंत १.९ मि.मी., व २००६ ते २०१८ पर्यंत ३.७ मि.मी. होती. पंचवीस वर्षांच्या अवधींत उपग्रहांच्या सरासरी वेगांतील अनिश्चितता आज वर्षाला ०.३ ते ०.४ मि.मी.च्या आसपास धरितात. वाढीच्या मानानें ती लहान आहे. नवा साक्षीदार विश्वसनीय आहे, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. परंतु तो विश्वसनीय ठरला तो जुन्यांच्या कसोटीस उतरल्यानें. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची परीक्षा समकालीन पत्रांशीं ताडून केली. येथें घडलेली परीक्षा त्याच जातीची आहे.

एका गोष्टींत तर जुन्या साक्षीदारास पर्यायच नाहीं. उपग्रहाचा स्पंद किनाऱ्याजवळ जमिनीवरूनहि परततो, म्हणून अगदीं कांठच्या पाण्याविषयीं त्याची साक्ष मंद होते. शिवाय तो पाणी पृथ्वीच्या मध्यापासून किती उंच आहे तें सांगतो; पाण्याखालची व पाण्याजवळची जमीन खचते कीं उचलते हें त्यास दिसत नाहीं. भरणी घालून वाढविलेली मुंबई, कोंकणांतील खारजमिनी, गोव्यांतील बांध घातलेलीं खाजणें, यांस पाणी केव्हां लागेल हें जमीन व समुद्र या दोहोंच्या फरकावर ठरणार. त्यासाठीं धक्क्यावरचा मापक व त्याच्याजवळचा जीपीएस हींच साधनें खरीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. जुन्या बंदरांचीं दफ्तरें, गोदीच्या वह्या, सर्वेक्षकांच्या टिपणवह्या अद्यापि खासगी घरांत असण्याचा संभव आहे. त्यांत राजकारण नसतें, थोरामोठ्यांच्या सह्या नसतात, म्हणून त्या रद्दींत जातात. अशी वही हातीं आल्यास केवळ आंकडे उतरून घेऊन थांबूं नये. पट्टीचा शून्यबिंदु कोठें होता, तो कोणत्या पायरीशीं, खडकाशीं किंवा खुणेच्या दगडाशीं बांधलेला होता, नोंद कोणत्या वेळीं व कोणत्या मापानें होई, मध्यंतरीं पट्टी बदलली कीं काय, हें सर्व पाहून टिपून ठेवावें. शून्यबिंदु हरवला तर शंभर वर्षांचे आंकडे निरुपयोगी होतात. तो सांपडला तर दहा पानांचीहि किंमत होते. आणि शोधकानें कितीहि खात्रीनें दुरुस्ती केली, तरी मूळ पान टाकूं नये.